होंगमेची हनुवटी

छुनोक कामाला होती ती जागा हॉस्पिटल नव्हती आणि घरही नव्हती. सोलमध्ये सिन्सा भागातल्या मागच्या गल्लीत एका इमारतीचा चौथा मजला. सहा खोल्या, एक स्वयंपाकघर आणि प्रत्येक खिडकीला जाड पडदा. आजूबाजूच्या सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या क्लिनिकांत नाक, डोळे, जबडा करून घेतलेल्या बायका आठ-पंधरा दिवस तिथे येऊन राहायच्या. गावी सुजलेलं तोंड दाखवायचं नाही आणि एकटीला खोलीवर निभत नाही, अशा सगळ्या. बे बाई म्हणून होत्या, जागा त्यांची, गिऱ्हाईकही त्याच आणायच्या. पण घर चालायचं ते छुनोकच्या जिवावर.

तिला सगळ्या मावशी म्हणायच्या. त्या शहरात खानावळीत वाढणाऱ्या बाईलाही मावशीच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण इथे येणाऱ्या मुली चार-पाच दिवसांनी जी हाक मारायच्या, ती निराळी असायची. डोळ्यांवर पट्टी असलेल्या मुलीला छुनोक हाताला धरून संडासापर्यंत न्यायची आणि दाराबाहेर उभी राहून काहीतरी बडबडत राहायची, म्हणजे आतलीला एकटं वाटू नये. जबडा केलेल्यांना पिचकारीने पेज भरवायची. पेज किती पातळ करायची, गालाच्या कोणत्या बाजूने सोडायची, हे तिच्या बोटांना ठाऊक झालं होतं. मुलगी रडायला लागली तर "रडू नको" असं ती कधी म्हणायची नाही. "रड, पण सूज दोन दिवस जास्त राहील," एवढंच म्हणायची. रडं तिथल्या तिथे थांबायचं.

"मावशी, तुम्ही बोलायला लागलात की भीती वाटते हो," मोकपोहून आलेली सोयुल नावाची एक पोरगी दातांच्या फटीतून म्हणाली होती. "सिनेमातले चीनकडचे गुंड अगदी असंच बोलतात."

"मग पेज संपव मुकाट्याने. नाहीतर सुरा काढीन," छुनोक म्हणाली, आणि सोयुलला हसता येईना म्हणून तिने उशीत तोंड दाबलं.

बोलणं तसं होतं, कारण छुनोक तिकडची होती. चीनमधली कोरियन, यानब्यन भागातल्या ह्वारयोंग गावची. नवरा ग्वांगइल लाकडाच्या ओंडक्यांची लॉरी चालवायचा. एका पावसाळ्यात घाटात लॉरी घसरली, आणि तो गेला. मुलगी होंगमे तेव्हा पाच वर्षांची होती. दोन वर्षं छुनोकने कशीबशी काढली. मग गावातल्या इतर बायका कामासाठी सोलला निघाल्या तशी तीही निघाली, मुलीला सासूच्या हवाली करून. दोन वर्षांत परत येते म्हणाली होती. पंधरा वर्षं झाली. एवढ्या काळात ती चारदा गावी गेली, आणि चारही वेळा मुलीसाठी नेलेले बूट तिला घट्ट झाले.

दर रविवारी दुपारी ती फोन लावायची. पहिली पाच मिनिटं बरी जायची. जेवलीस का, थंडी आहे का, आजी काय करते? पुढे काय बोलावं ते दोघींनाही सुचायचं नाही. मुलीच्या शाळेतलं एकही नाव आईला माहीत नव्हतं आणि आईचं शहर मुलीने पाहिलं नव्हतं. मग छुनोकने एकदा सहज खोलीतल्या मुलींची गोष्ट सांगायला घेतली. अमक्या गावची एक मास्तरीण आलेली. आली तेव्हा तोंड कसं, तर घागरीएवढं. काल पट्ट्या सुटल्या, अगं, बघतच राहावं! आता म्हणे साखरपुडा ठरलाय.

"मग? पुढे काय झालं?" पलीकडून होंगमेने विचारलं.

त्या "मग"साठी छुनोकने पुढची कित्येक वर्षं गोष्टी सांगितल्या. कमी पडल्या तेव्हा चार पदरच्याही घातल्या. ज्यांचं नीट झालं नाही, ज्या परत-परत आल्या, ज्या बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकून ठेवायच्या, त्यांच्या गोष्टी मात्र तिने सांगितल्या नाहीत. लेकराशी कशाला बोलायचं तसलं, असं तिला वाटायचं.

होंगमे बाविसाव्या वर्षी सोलला आली. इंचनच्या विमानतळावर छुनोक कठड्याला रेलून उभी होती. दारं सरकली, आणि ढकलगाडी रेटत ग्वांगइल बाहेर आला. तेच रुंद हाड, तीच चौकोनी हनुवटी, डोळ्यांच्या तशाच अरुंद फटी आणि मान किंचित डावीकडे टाकून चालणं. फोनच्या काचेत पोरीचा चेहरा कायम वरून किंवा बाजूने, लाडिक कोनातून दिसायचा. समोरून, पुरता, तिने तो आज पाहिला.

"काय गं, भूत पाहिल्यासारखं काय बघतेस?" होंगमे म्हणाली.

"काही नाही. उंच झालीस," छुनोक म्हणाली, आणि ढकलगाडी तिच्या हातातून घेऊन भराभर चालू लागली.

देरिममध्ये अर्धी जमिनीखाली गेलेली एक खोली होती, त्यात दोघी राहू लागल्या. ते पाच महिने छुनोकला अपूर्वाईचे गेले. सुट्टीच्या दिवशी ती मक्याच्या शेवयांचा रस्सा करायची आणि समोर बसून लेकीचं खाणं बघायची. चावताना कानापाशी एक खळगा पडायचा, तो ग्वांगइललाही पडायचा. तेवढ्या खळग्याकडे बघत तिचं स्वतःचं जेवण थंड व्हायचं.

"आई, तू जेव ना. माझ्या तोंडात काय आहे?"

"तुझ्या बापासारखी चावतेस अगदी."

हे ऐकलं की होंगमे मान खाली घालून जेवायची. छुनोकला वाटायचं, पोरीला बापाची आठवण येते.

होंगमेला म्यंगदोंगमध्ये काम मिळालं होतं. क्रीम, पावडर, तोंडाला लावायचे कागदी मुखवटे असलं विकणारं दुकान. चीनमधून येणारी गिऱ्हाइकं पुष्कळ, म्हणून दोन्ही भाषा येणारी मुलगी त्यांना हवीच होती. पहिल्या आठवड्यात तिला दारात उभं केलं. दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरीण म्हणाली, तोंडाला मास्क लावून उभी राहा, धूळ फार असते. तिसऱ्या आठवड्यात तिला आत गोदामात खोकी फोडायला बसवलं. हे सगळं तिने घरी सांगितलं नाही. एकच गोष्ट सांगितली, आणि तीही हसत. शांघायची एक बाई आली होती. होंगमेने गाल आवळणारं क्रीम दाखवलं, तर ती बाई म्हणाली, "तू हेच लावतेस का? मग नको मला."

छुनोकही हसली. पोरीचं हसू डोळ्यांपर्यंत गेलेलं नाही, हे तिला दिसलं होतं. तरी ती हसली.

ऑक्टोबरच्या सुट्ट्यांत बे बाईंकडे सहाही खोल्या भरल्या. एकटीला झेपेना, म्हणून छुनोकने होंगमेला दोन दिवस मदतीला नेलं. पट्ट्या गुंडाळलेल्या मुली खाटांवर उशांना टेकून बसलेल्या आणि होंगमे ताट घेऊन खोलीत आली की सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळायचे. त्यांच्या बघण्यात वाकडेपणा नव्हता. शिवणकाम करणारी बाई दुसरीच्या ब्लाउजच्या बाहीकडे बघते, तसं त्या बघत होत्या.

"ताई, तुमचं नाक चांगलंय. नाकाला हात लावू नका," एक म्हणाली.

"फक्त हाड. कोपऱ्यातलं हाड काढलं की झालं. तीन महिन्यांत ओळखू येणार नाही," दुसरी म्हणाली.

बे बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी होंगमेची हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली. "छुनोक, घरचीच मुलगी आहे. डॉक्टरांशी मी बोलते. निम्म्यात करून देतील. खोलीचं तर काही घ्यायचंच नाही."

छुनोकच्या हातात गरम पाण्याचं भांडं होतं. ते तिने खाली ठेवलं नसतं तर काय केलं असतं, ते तिचं तिलाच माहीत. "हात काढा, बाई," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत बे बाईंनी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी हात काढला.

घरी आल्यावर दोघींची जुंपली.

"तुला वेड लागलंय का? मी रोज बघते काय होतं ते! रक्ताच्या नळ्या मी धुते, तू नाही!"

"नळ्यांचं कधी बोललीस?" होंगमे म्हणाली. "दर रविवारी काय सांगायचीस? मास्तरीण अशी झाली, नर्स तशी झाली, बघत राहावं. तेव्हा नव्हत्या का नळ्या?"

"त्या परक्यांच्या पोरी होत्या."

"म्हणजे परक्यांच्या पोरींनी छान दिसावं आणि तुझ्या पोरीने खोकी फोडावीत?"

"तुझ्यात काय कमी आहे? तुझ्या बापाचा चेहरा आहे तुझा. माणसं वळून बघायची त्याच्याकडे."

"तो पुरुष होता! आणि लॉरी चालवत होता!" होंगमेचा आवाज चिरकला. "तुला माझ्या तोंडात तुझा नवरा बघायचाय. बघ ना, फोटो लाव भिंतीवर आणि बघ. मला हे तोंड घेऊन रोज दुकानात जायचंय. आणि तू हा चेहरा पाहिलास तरी किती? पंधरा वर्षांत चारदा. मी रोज पाहिलाय."

छुनोकने भांडी घासायला घेतली, घासलेलीच पुन्हा घासली. नंतर महिनाभर तो विषय निघाला नाही, आणि तिची समजूत झाली की वादळ गेलं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका मंगळवारी बे बाईंनी सांगितलं, "दुपारी एक जबड्याची येतेय. तीन नंबरची खोली." छुनोकने गादीवर धुतलेली चादर घातली, उशा रचल्या, बर्फाच्या पिशव्या गोठवायला ठेवल्या. तीन वाजता लिफ्टचं दार उघडलं. क्लिनिकची नर्स एका मुलीला धरून घेऊन येत होती. डोक्याभोवती घट्ट पट्टा, कानामागून खाली आलेल्या दोन नळ्या, डोळे सुजून बंद झालेले. छुनोक सवयीने पुढे झाली, मुलीच्या काखेत हात घातला. आणि मुलीने मान किंचित डावीकडे टाकली.

ती होंगमे होती.

"बाहेर कुठे जाऊन पडण्यापेक्षा आईजवळ बरी, म्हणून मीच म्हटलं इथे ये," बे बाई मागून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अपराध नव्हता. भलं केलं असंच त्यांना वाटत होतं. "चिडू नकोस. ती ऐकणार नव्हतीच. दुसरीकडे गेली असती."

नर्स घाई करत होती. मुलीला उभं राहवत नव्हतं. चिडायला वेळच नव्हता. छुनोकने तिला खाटेवर बसवलं, पाय उचलून वर घेतले, पाठीमागे उशी सारली. मोजे ओले झाले होते, ते काढले. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. दुकानात दिवसभर उभं राहून, नाहीतर घट्ट बुटांनी. हे नख तिने आधी पाहिलंच नव्हतं.

होंगमेने चाचपडत फोन काढला आणि एका डोळ्याच्या फटीतून बघत अक्षरं दाबली. *रागावलीस?*

"झोप," छुनोक म्हणाली.

पुढचे चौदा दिवस छुनोक घरी गेली नाही. तीन नंबरच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकून राहिली. दर दोन तासांनी बर्फ बदलायचा, नळ्यांमधलं रक्त मोजून लिहायचं, पिचकारीने पेज, मग गुळण्या, मग धरून खोलीत दहा फेऱ्या. दुसऱ्या मुलींचं करताना तिच्या हातांना जी सवय होती, ती इथे मोडली. पेज सांडायची. "मावशी, माझी पेज तर कधी सांडली नाही," शेजारच्या खोलीतली म्हणाली, तिला कुणी सांगितलं नव्हतं कोण कोणाची ते.

सहाव्या दिवशी केस धुवायला परवानगी मिळाली. छुनोकने होंगमेला खाटेवर आडवं निजवलं, डोकं कडेबाहेर घेतलं, खाली घमेलं ठेवलं आणि कोमट पाणी तांब्याने हळूहळू सोडलं. कानामागे, मानेवर, टाळूवर. टाळूवर एक जुना व्रण बोटांना लागला.

"हे केव्हाचं?"

होंगमेने लिहिलं. *नऊ वर्षांची होते. बर्फावर पडले. चार टाके.*

"मला कुणी सांगितलं नाही."

*आजी म्हणाली तिला सांगू नको, तिकडे रडत बसेल.*

छुनोकने तिच्या केसांना दोनदा साबण लावला, आणि तिसऱ्यांदाही लावला. सात वर्षांची होती तेव्हा धुतले होते हे केस, निघायच्या आदल्या दिवशी. त्या चौदा दिवसांत होंगमेला बोलता येत नव्हतं, म्हणून भांडताही येत नव्हतं. ती नुसती पडून राहायची आणि आईचं बोट धरून ठेवायची, तान्हं मूल धरतं तसं, जोर लावून. आणि छुनोकच्या मनात एकदा, पेज ढवळता ढवळता, असं येऊन गेलं की अजून थोडे दिवस असेच गेले तर बरं. त्या विचाराची तिला इतकी शरम वाटली की तिने गॅस बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

पट्टा सुटला. सूज उतरायला तीन महिने लागले. नवीन वर्ष झालं, थंडी सरली, आणि होंगमेचा चेहरा हळूहळू वर आला. निमुळता, नाजूक, गालापासून हनुवटीपर्यंत एक रेघ ओढल्यासारखा. सुंदरच झाला होता, खोटं कशाला बोला? दुकानात तिला पुन्हा दारात उभं केलं, या वेळी मास्कशिवाय. मे महिन्यात तर काचेच्या कपाटामागे, महागड्या मालाच्या काउंटरवर नेलं. गावाहून सासूने फोनवर पाहिलं आणि विचारलं, "ही कोण? होंगमेची मैत्रीण का?"

फक्त खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होती. डॉक्टर म्हणाले, शीर दुखावलीय, तीन महिन्यांत येईल. मग म्हणाले सहा महिने. मग म्हणाले वर्षभर वाट बघू, एखाद्याला राहतं असं, कागदावर सही केली होती ना तुम्ही. छुनोक बे बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"लाखात एखादीला होतं गं," बे बाई म्हणाल्या. "बाकी बघ ना, काय रूप आलंय. ओठाला कळत नाही एवढंच ना?"

"एवढंच," छुनोक म्हणाली. तिने कमरेचा एप्रन सोडला, घडी केली आणि टेबलावर ठेवला. बे बाईंना वाटलं, दोन दिवसांनी येईल. ती परत गेली नाही. आनसानमध्ये म्हाताऱ्या माणसांचं एक हॉस्पिटल होतं, तिथे ती लागली. तिथे कुणाला आपलं तोंड कसं दिसतं याची पर्वा नव्हती.

पण घरात जेवायला बसलं की ते "एवढंच" ताटात यायचं. होंगमेच्या ओठावरून रस्सा ओघळायचा आणि तिला कळायचं नाही. भाताचं शीत हनुवटीला चिकटून राहायचं. छुनोकचा हात आपसूक पुढे व्हायचा.

"नको!" होंगमे मान मागे घ्यायची. "सांग नुसतं. हात लावू नको. मला काही जाणवत नाही, तुझा हात असा येताना दिसतो फक्त."

एकदा तिने समुद्रशेवाळाच्या रश्श्याचा वाडगा तोंडाला लावला. रस्सा गॅसवरून नुकता उतरवलेला होता. थोडा हनुवटीवर सांडला. ती बोलत राहिली, दुकानातलं काहीतरी सांगत राहिली, आणि छुनोकच्या डोळ्यांदेखत त्या गोऱ्या हनुवटीवर लाल चट्टा उठला आणि त्याचा फोड झाला. होंगमेला कळलं ते आईच्या किंचाळण्याने. त्यानंतर ती दुसऱ्यांच्या समोर जेवेनाशी झाली. दुकानातल्या मुलींबरोबर ती जेवायला जात नसे, पाठमोरी बसून पाव खात असे. जूनमध्ये तिने दुकानाजवळच एक खोली घेतली. म्हणाली, जाण्यायेण्यात वेळ जातो.

सप्टेंबरमध्ये ग्वांगइलची पुण्यतिथी आली. होंगमे सकाळीच आली, आईच्या बरोबरीने भाज्या परतल्या, मासा तळला. छोट्या टेबलावर फोटो ठेवला, त्यासमोर भात, सूप, फळं मांडली, दारूचा पेला भरला. दोघींनी वाकून नमस्कार केले. मग पेल्यातली दारू प्रसादाची म्हणून प्यायची असते. होंगमेने पेला ओठाला लावला. अर्धी तोंडात गेली, अर्धी हनुवटीवरून गळ्यापर्यंत. ती हसली. "बाबांना आवडत नाहीय वाटतं," म्हणाली. आणि तिचं हसू कुठल्या क्षणी रडं झालं ते कळलंच नाही.

छुनोकने फोटोकडे बघितलं, मग लेकीकडे. बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण फोटोतला माणूस आणि समोरची मुलगी यांच्यात आता डोळे सोडले तर काहीच सारखं उरलं नव्हतं, आणि ते शोधायचं तिच्या डोळ्यांना थांबवता येत नव्हतं.

"नको ना बघूस," होंगमे म्हणाली.

मग छुनोक बोलली. मनात किती तरी दिवस जे सलत होतं ते. "माझंच चुकलं. पोरी, मीच बोलले होते. तू लहान होतीस. मी गावी आले होते, आणि तुझ्या आजीला म्हणाले होते…"

"बापाचा जबडा घेऊन आलीय, पोरगी म्हणून कशी खपायची," होंगमे म्हणाली.

छुनोकने फोटोसमोरची वाटी उगाच सरळ केली.

"मी अकरा वर्षांची होते. बाजूच्या खोलीत पडले होते, झोपले नव्हते. तू हसत म्हणालीस. आजीपण हसली. सकाळी तू मला नवीन बूट घातलेस, घट्ट झाले, तरी मी घालून शाळेत गेले." तिने बाहीने हनुवटी पुसली, जिथे ओलं नव्हतं तिथेही पुसली. "मी तुला दोष देत नाही. दुकानात तर मला सगळेच म्हणाले असते. पण तू पहिल्यांदा म्हणालीस."

छुनोकने क्षमा मागितली की नाही, ते तिला पुढे कधी आठवलं नाही. एवढं आठवतं की तिने टेबलावरचा मासा सोडवायला घेतला, काटे काढून काढून लेकीच्या वाटीत ठेवत राहिली, आणि होंगमे भिंतीकडे तोंड करून तो खात राहिली. जाताना दारात होंगमे म्हणाली, "फोन करत जाईन." आणि करतही राहिली, दर रविवारी, चित्राशिवाय, नुसत्या आवाजाचा.

असा हिवाळा गेला. मार्चमध्ये एका रविवारी होंगमे म्हणाली, "आई, एक सांगायचंय. ओरडू नकोस."

"बोल."

"डोळे करतेय. मॅनेजरीण म्हणते, जबडा लहान झाल्यावर डोळे बारीक दिसतात, तोंडाचा तोल जातो. मलाही तसंच वाटतं. छोटं काम आहे, भूलही पुरती देत नाहीत. आठ-दहा दिवस पट्टी राहील, बस."

छुनोक खाटेच्या कडेला बसली. ग्वांगइलचे म्हणून दोन डोळे तेवढे शिल्लक होते.

"आणि त्या बे बाईंकडे मी जाणार नाही," पलीकडून होंगमे घाईने म्हणाली. "दिसणार नाही काही दिवस. मी तुझ्याकडे येऊन राहिले तर चालेल का? तुला सुट्टी मिळत असेल तर."

नको म्हणायला हवं होतं. तुझ्या पाया पडते, पण नको, असं म्हणायला हवं होतं. छुनोकला ते समजत होतं. आणि त्याच वेळी छातीत काहीतरी उचंबळून वर आलं. आठ-दहा दिवस! ते दाबायला तिने दुसरा हात छातीवर धरला, पण ते दबलं नाही.

"तारीख ठरली की सांग," ती म्हणाली. "मी रजा टाकते."

दुसऱ्या दिवशी ती मुख्य नर्सच्या टेबलासमोर उभी राहिली. तिच्या रजेच्या वहीत आजवर एकही खूण नव्हती. नर्सने चष्म्यावरून बघितलं. "दहा दिवस? काय विशेष?"

"मुलीचं ऑपरेशन आहे."

"अरे देवा! काय झालंय तिला?"

छुनोकने वही आपल्याकडे ओढली.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली, आणि सही करायला पेन मागून घेतलं.